यवतमाळच्या वर 110 किलोमीटर : नायट्रोजनच्या शंभर अणूंचा हिशोब

तुरीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू जे काम करतात, ते जमिनीपासून 110 किलोमीटरवर सूर्याचे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण करतात: नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडणे. हा बंध तोडायला 9.76 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, ऑक्सिजनचा तोडायला फक्त 5.12. क्ष-किरणांनी उडवलेले वेगवान इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतात, अणू सुटतात आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड बनतो. हा वायू 5.3 मायक्रॉन तरंगलांबीवर उष्णता अवकाशात सोडून वरचा थर थंड करतो, म्हणून त्याचं प्रमाण नेमकं काढावं लागतं.

गोम अशी की सुटलेला अणू दोनपैकी एका अवस्थेत असतो: उत्तेजित (जास्त ऊर्जेचा) किंवा शांत. उत्तेजित अणू ऑक्सिजनच्या रेणूला भेटला की नायट्रिक ऑक्साइड तयार. शांत अणूला तेच थंड हवेत जवळपास जमत नाही. 200 केल्विनपेक्षा 800 केल्विनला ती क्रिया लाखाहून अधिक पट वेगाने होते. उलट शांत अणू तयार झालेला नायट्रिक ऑक्साइडच मोडतो. सूर्यप्रकाशाने होणारं विघटन क्षणभर बाजूला ठेवू. शंभरांत 60 उत्तेजित धरले तर 60 बनले, 40 मोडले, 20 उरले. 55 धरले तर 10 च उरतात! पाच अणूंच्या फरकाने उत्तर निम्म्यावर येतं, आणि 50 च्या खाली गेलात तर हाती काहीच लागत नाही. उंचावर ऑक्सिजनचे सुटे अणू उत्तेजितांना शांत करतात, ती क्रिया विसरली तरी हिशोब बिघडतो.

हा हिशोब उंचीनुसार मांडणारं मॉडेल तालुक्याच्या कॉलेजातल्या संगणकावर सहज चालतं. 80 ते 200 किलोमीटर, एकेक किलोमीटरचे थर घ्या. तापमान आणि मुख्य वायूंची घनता एमएसआयएस या वातावरणाच्या मोफत मॉडेलमधून घ्या, यवतमाळचे अक्षांश 20.4, रेखांश 78.1 देऊन. साधारण 105 किलोमीटरच्या खाली हवा घुसळली जाते, वर प्रत्येक वायू आपल्या वजनाप्रमाणे वेगळा होतो. घुसळण्याने आणि वजनाप्रमाणे होणारं, असं दोन्ही प्रकारचं विसरण (वायूंचं पसरणं) घालावंच लागतं.

बहुतेकांचं अडतं ते वेळेच्या टप्प्यावर. 110 किलोमीटरवर उत्तेजित अणू सेकंदभर टिकतो, नायट्रिक ऑक्साइड दिवसभर किंवा जास्त. मिनिटाचा टप्पा घेऊन साधी बेरीज केली की घनता उणे येते. पायथॉनमध्ये सायपाय या गणिती संचातली बीडीएफ पद्धत वापरा, ती अशा वेगवान-संथ क्रिया एकत्र सोडवते, आणि आठवडाभराचे दिवस-रात्र चालवा. सुरुवातीचा अंदाज तोवर पुसला जातो.

क्ष-किरणांचा आकडा मात्र जपून घ्या. नायट्रिक ऑक्साइड मोजायला 1998 साली सोडलेल्या 'स्नो' उपग्रहाने दाखवलं की विदर्भासारख्या कमी अक्षांशांवर नायट्रिक ऑक्साइड त्यांच्याच चढउताराबरोबर बदलतो. मंगळासाठी हेच मॉडेल वापरायचं तर ऑक्सिजनची क्रिया पुरत नाही: तिथे उत्तेजित अणू मुख्यतः कार्बन डायऑक्साइडशी भिडतो.