परीकथांतील चतुर बालनायक

अंगात बळ नाही, हाती सत्ता नाही, तरी निव्वळ हुशारीच्या जोरावर राक्षस, चेटकीण किंवा राजा यांना हरवणारे लहान मूल. जगभरच्या लोककथांत हे पात्र भेटते. बहुधा ते घरातले शेंडेफळ असते आणि घरच्यांनी त्याला आधीच बावळट ठरवलेले असते. लोककथांच्या आर्ने–थॉम्पसन–उथर वर्गीकरणात मुले व राक्षस यांच्या कथांना ३२७ हा क्रमांक आहे; राजाच्या कूटप्रश्नांच्या कथा ९२२ या प्रकारात मोडतात.

मूल म्हणजे अजाण, असे मोठी माणसे गृहीत धरतात; या कथांतली मुले नेमका तोच समज हत्यारासारखा वापरतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ या भावाबहिणीच्या कथेत मुलांना खाऊ पाहणारी चेटकीण ग्रेटेलला भट्टीत डोकावायला सांगते. ग्रेटेलने तिचा डाव ओळखलेला असतो. आत कसे शिरायचे ते मला कळत नाही, असे ती म्हणते. वेडी कुठली, एवढे मोठे तोंड आहे भट्टीला, असे म्हणत चेटकीण स्वतःच डोके आत घालून दाखवते आणि ग्रेटेल तिला ढकलून दार लावून घेते. त्याआधी हान्सेलनेही चेटकिणीच्या अधू नजरेचा फायदा घेतलेला असतो: तो लठ्ठ झाला का हे पाहायला ती बोट चाचपायला मागते, तेव्हा तो हाडूक पुढे करतो. कथेच्या सुरुवातीला नुसती रडणारी ग्रेटेल शेवटी दोघांना सोडवते, हा बदल हान्सेलने घरची वाट सापडावी म्हणून टाकलेल्या खड्यांइतका लोकांच्या लक्षात राहत नाही, याची खंत वाटते.

फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या संग्रहातील अंगठ्याएवढा मुलगा सात भावांत धाकटा. तो फार बोलत नाही म्हणून आईबाप त्याला मंद समजतात. दुष्काळात पोरांना रानात सोडायचा त्यांचा बेत तो बापाच्या स्टुलाखाली दडून ऐकतो आणि पांढरे खडे टाकत जाऊन भावांना परत आणतो. दुसऱ्या खेपेला दाराला कुलूप असते, खडे मिळत नाहीत. तो पावाचा चुरा टाकतो, तो पाखरे खातात. इथे कथा चांगलीच प्रामाणिक आहे: चतुर मुलाची युक्तीही फसते, आणि पुढच्या संकटात त्याला नव्याने डोके चालवावे लागते. राक्षसाच्या घरी तो भावांच्या टोप्या राक्षसाच्या सात मुलींना घालतो, त्यांचे मुकुट भावांच्या डोक्यावर ठेवतो. अंधारात राक्षस आपल्याच मुलींचे गळे चिरतो. जोसेफ जेकब्ज यांच्या १८९० च्या इंग्रजी संग्रहातील मॉली व्हपी हीच युक्ती गळ्यातल्या माळा बदलून करते.

कूटप्रश्नांच्या कथांत रक्तपात नसतो. ग्रिम संग्रहातील धनगराच्या पोराला राजा विचारतो, समुद्रात थेंब किती? पोरगा म्हणतो, आधी सगळ्या नद्या थांबवा, म्हणजे मोजताना नवे पाणी मिसळणार नाही. मोजणे अशक्य आहे हे तो राजाच्याच पदरात टाकतो. पाली जातकातील महोसध सातव्या वर्षीच न्यायनिवाडे करू लागतो. एका बाळावर त्याची आई आणि एक यक्षिणी अशा दोघी हक्क सांगतात, तेव्हा तो जमिनीवर रेघ ओढून बाळाला मधे ठेवतो आणि दोघींना ओढायला सांगतो. बाळ रडताच जी हात सोडते, ती आई. माणसाचे मन ओळखणारी हुशारी या कथेइतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

अभ्यासकांत मतभेद आहेत. मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये या कथांत मुलाच्या आईबापांपासून सुटे होण्याच्या धडपडीचे रूप पाहिले. इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८४ मध्ये फ्रेंच शेतकऱ्यांची उपासमार पुढे आणली: त्यांच्या जगात फसवणूक हा जगण्याचाच मार्ग होता. पेरोची कथा दुसऱ्या मताला अधिक जवळची वाटते, कारण तिच्यातली प्रत्येक युक्ती रिकाम्या घरातून सुरू होते.

नीतीचा पेच मात्र पेरोलाही जाणवला असावा. त्याचा नायक राक्षसाच्या बायकोला थाप मारून सारी संपत्ती लुबाडतो. पण काहींना हे मान्य नाही, असे सांगून पेरो दुसरा शेवटही देतो. त्यात मुलगा फक्त सात कोस टांग टाकणारे बूट घेतो, राजाच्या सैन्याचे निरोप पोचवून पैसा कमावतो आणि बापाला व भावांना सरकारी पदे मिळवून देतो.