ओफीर

ओफीर म्हणजे हिब्रू बायबलमधला (ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारातला) सोन्यासाठी नावाजलेला मुलूख. देश की बंदर हे मजकुरातून धड कळत नाही. इस्राएलच्या शलमोन राजाने तांबड्या समुद्राकाठी एसयोन-गेबेरला जहाजं बांधली, सोर या फिनिशियन बंदराच्या हीराम राजाने सराईत खलाशी दिले आणि ओफीरहून ४२० किक्कार (वजनाचं एक मोठं माप) सोनं आलं असं बायबलच्या १ राजे या ग्रंथात ९:२६-२८ मध्ये आहे, २ इतिहास ८:१८ मध्ये तोच आकडा ४५० होतो. शलमोनाचा काळ साधारण इ.स.पू. दहावं शतक धरतात, पण राजांचा ग्रंथ आजच्या रूपात आला तो बहुधा इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास, त्यामुळे यातलं शलमोनाच्या वेळचं किती आणि नंतरचं किती हा प्रश्न राहतोच.

नाव मात्र पुराणातलं वांगं नाही. आजच्या तेल अवीवमधल्या तेल कसीले इथे १९४६ मध्ये एक खापराचा तुकडा मिळाला, त्यावर 'ओफीरचं सोनं, बेथ-होरोनकडे, ३० शेकेल' (शेकेल हे वजन) अशा अर्थाची नोंद आहे. तुकडा उत्खननाच्या थरात नाही तर वरच पडलेला होता, म्हणून काळ अक्षरांच्या वळणावरून लावतात, साधारण इ.स.पू. आठवं शतक. म्हणजे तेव्हा 'ओफीरचं सोनं' हा बाजारातला चालू माल होता, निदान सोन्याची एक जात तरी.

मोर, वानर आणि भाषाशास्त्र: ओफीर भारतात होतं हा तर्क मुख्यतः शब्दांवर उभा आहे. १ राजे १०:२२ मध्ये दर तीन वर्षांनी येणाऱ्या तार्शीशच्या (दूरच्या एका ठिकाणाच्या नावाच्या) जहाजांत सोनं, चांदी, हस्तिदंत, 'कोफीम' आणि 'तुक्कीयीम' असतात (इथे ओफीरचं नाव नाही हे बरेच जण विसरतात). कोफ म्हणजे वानर, तो संस्कृत 'कपि'शी जोडला गेला. तुक्की म्हणजे मोर, तो तमिळ 'तोगै'शी, म्हणजे पिसारा किंवा मोर. बिशप रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ च्या द्राविडी भाषांच्या व्याकरणात ही जोडी ठासून मांडली आणि ती तेव्हापासून इतकी रुळली की आजही अनेक लेखांत पुरावा म्हणून बिनदिक्कत येते.

अडचण अशी की इजिप्शियन भाषेत वानरासाठी 'गफ' किंवा 'गिफ' असा शब्द फार आधीपासून आहे. गलबत फुटलेल्या खलाशाची जी इजिप्शियन कथा आहे, साधारण इ.स.पू. दोन हजारच्या आगेमागेची, तिच्यात परत आणलेल्या मालात हस्तिदंत आहे आणि 'गफ' व 'की' या माकडांच्या दोन जाती लागोपाठ आहेत. अमेरिकन अभ्यासक ऑलब्राइट यांनी 'तुक्की' हे याच 'की'चं स्त्रीलिंगी रूप असावं असं सुचवलं, मग मोर उडून जातो आणि उरतात दोन प्रकारची माकडं. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांत तिथे बबून आहे तो यामुळेच. त्यात भर म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतराच्या एका महत्त्वाच्या हस्तलिखितात या जागी ना मोर ना वानर, घडवलेले दगड आहेत! तमिळ मत पूर्ण बाद झालेलं नाही, पण कोफ आणि हस्तिदंत दोन्ही इजिप्तमार्गे सुटत असतील तर तेवढ्या एका शब्दासाठी जहाज भारतापर्यंत नेणं जरा जडच जातं. ओफीरहून आलेल्या 'अलमुग' लाकडाचंही तसंच. ते चंदन असं पूर्वी समजत, पण उगारित (सीरियातलं प्राचीन शहर) आणि मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतल्या लेखांत त्याच जातीचे शब्द मिळालेत, आणि २ इतिहास २:८ मध्ये ते लाकूड चक्क लबानोनात वाढतं.

सोपारा: ग्रीक भाषांतरात ओफीरचं 'सोफीर' होतं, ज्यू इतिहासकार जोसेफसही इसवी सनाच्या पहिल्या शतकात सोफीरच लिहितो आणि ते भारताकडे ढकलतो. त्यावरून शूर्पारक, म्हणजे आपलं नालासोपारा. बंदर जुनं यात वाद नाही, 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ते 'सुप्पारा' आहे, नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांत त्याचं नाव येतं, आणि भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथला स्तूप खणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथलाच. पण हा सगळा पुरावा इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून पुढचा, शलमोनापासून सहा-सातशे वर्षं लांब. शिवाय हिब्रूत सुरुवातीचा 'स' नाहीच, तो ग्रीकमध्येच दिसतो, आणि कोकणात सोन्याच्या खाणी नाहीत. संस्कृतचे अभ्यासक लासेन यांनी सोपारा सोडून सिंधूच्या मुखाजवळच्या आभीर लोकांचा मुलूख सुचवला होता, त्यालाही फारसं कोणी धरून नाही.

उत्पत्ती १०:२९ मध्ये ओफीर हा यक्तानाचा मुलगा आहे, शबा आणि हवीला यांच्या मधोमध. या वंशावळी म्हणजे नकाशेच असतात, आणि शबा दक्षिण अरबस्तानात, म्हणून तिथलं किंवा समोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावरचं ठिकाण जास्त पटतं. आफ्रिकेतल्या सोफाला, झिंबाब्वे अशी नावंही येऊन गेली. १५६८ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी मेन्दान्या पॅसिफिकमधल्या बेटांवर पोचला, ती शलमोनाच्या ओफीरवरून सॉलोमन (म्हणजे शलमोन) बेटं म्हणून ओळखली जाऊ लागली.

भारताशी खात्रीची नाळ सापडते ती उशिराच्या, पर्शियन काळातल्या मजकुरात. बायबलमधल्या एस्तेर या ग्रंथातला (१:१) 'होदू' म्हणजे जुन्या पर्शियनमधला 'हिंदु', सिंधूकाठचा प्रांत, मधला 'न' पुढच्या 'द'मध्ये मुरलेला. एस्तेर १:६ मधलं 'कर्पस' म्हणजे संस्कृत कार्पास, आपला कापूस. बायबलच्याच गीतरत्नातलं 'नेर्द' हे सुगंधी द्रव्य बहुतेकांच्या मते संस्कृत 'नलद'पासून, तेही इराणीमार्गे. 'अहालीम' या सुगंधी लाकडाचा अगरूशी संबंध लावतात, तो मार्ग तितका स्पष्ट नाही. आजच्या हिब्रूत भारताला होदूच म्हणतात, तुक्की मात्र पोपट झालाय.