स्कूल बोर्ड आणि सुपरिंटेंडंट: शाळा नेमकं कोण चालवतं?

न्यू जर्सीत नव्याने स्थिरावलेल्या मराठी आईबाबांची एक गल्लत वारंवार दिसते. स्कूल बसचा थांबा लांब पडला किंवा मुलीला गणिताचा वरचा वर्ग मिळाला नाही, की ते स्कूल बोर्डावरच्या ओळखीच्या सदस्याला फोन करतात. त्या सदस्याच्या हातात यातलं काहीच नसतं. शाळांचा कारभार स्वतः हाकायचा नाही, तो नीट चालला आहे ना एवढं सगळ्यांनी मिळून बघायचं, असं बोर्ड सदस्यांसाठीची राज्याची आचारसंहिताच सांगते. कारभार हाकतो तो सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका बोर्डाखालच्या शाळांचा विभाग, घेऊ. दोन टाउनशिप, त्याही दोन वेगळ्या काउंट्यांमधल्या, पण शाळांचा डिस्ट्रिक्ट एकच. म्हणजे तिथल्या मेयरकडे शाळेची तक्रार नेण्यात अर्थ नाही. बोर्डाचे सदस्य नऊ, मुदत तीन वर्षांची. ते मतदारांनी निवडून दिलेले असतात. निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं आणि कामाला पगार नसतो. संध्याकाळी आपापली नोकरी संपवून ही माणसं बैठकीला येतात. याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सुपरिंटेंडंट मात्र पूर्णवेळ, पगारी. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी राज्य सरकार नेमतं. इथे सुपरिंटेंडंटला बोर्डच शोधतं आणि तीन ते पाच वर्षांचा करार करतं. तो बोर्डाच्या बैठकीत बसतो, बोलतो, पण त्याला मत नसतं. खरी खुबी नेमणुकांमध्ये आहे. शिक्षकाच्या नावाची शिफारस सुपरिंटेंडंटनेच करायची आणि मंजुरी बोर्डानेच द्यायची. शिफारशीशिवाय बोर्डाला कुणाला चिकटवता येत नाही आणि मंजुरीशिवाय सुपरिंटेंडंटला कुणाला घेता येत नाही. वशिल्याला लावलेली इतकी साधी आणि पक्की खीळ मला फार मोलाची वाटते.

दिशा देण्यात सुपरिंटेंडंटचं वजन किती असतं, ते याच डिस्ट्रिक्टमध्ये 2015 साली दिसलं. मुलांवरचा ताण फार वाढलाय, असं लांबलचक पत्र सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना लिहिलं. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, काही दिवस गृहपाठाविना ठरले. पालकांमध्ये उभी फूट पडली. अनेक आशियाई पालकांना वाटलं, अभ्यासाची पातळी खाली आणली जातेय. अशा वेळी राग व्यक्त करायचा तर तो बोर्डासमोर, कारण सुपरिंटेंडंटला जाब विचारणारं बोर्डच आहे.

पैशांच्या बाबतीतही बोर्डच महत्त्वाचं. न्यू जर्सीत घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण निम्मा भाग शाळांकडे जातो. पूर्वी शाळांचं बजेट दरवर्षी मतदानाला जायचं. 2012 च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टनी निवडणूक एप्रिलमधून नोव्हेंबरमध्ये नेली. तिथे करवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत असेल, तर बजेटवर मतदान होतच नाही. मतदाराच्या हातात उरली ती बोर्डाची निवडणूक. तरी आपल्यातले अनेक नागरिक होऊनही त्या मतपत्रिकेवरचा हा भाग कोरा सोडतात, याचं वाईट वाटतं.

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांना मत नाही, पण आवाज आहे. बोर्डाच्या जाहीर बैठकीत लोकांना बोलायला वेळ देणं न्यू जर्सीत कायद्याने बंधनकारक आहे.

तेव्हा आपल्या मुलापुरता प्रश्न असेल तर आधी शिक्षक, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडंटचं ऑफिस. तिथेही दाद लागली नाही तरच बोर्ड. धोरण पटत नसेल किंवा एखाद्या कार्यक्रमाचे पैसे कापले जात असतील, तर सरळ बोर्डाची बैठक गाठा. बजेटचा मसुदा मार्चच्या सुमारास मांडला जातो आणि जाहीर सुनावणी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला होते. बोलायचं असेल तर मसुदा मांडला जातो तेव्हाच जा. सुनावणीच्या रात्रीपर्यंत बहुतेक आकडे पक्के झालेले असतात.