रस्ता आहे, पण क्रमांक नाही: योजनेत समावेश आणि दर्जोन्नतीची फाइल परत का येते

गावातल्या रस्त्यावरून रोज दुधाची गाडी जाते, एसटी जाते, पण जिल्हा परिषदेच्या यादीत तो रस्ता सापडत नाही. बांधकाम उपविभागात अशा रस्त्याला 'योजनाबाह्य' म्हणतात. राज्याच्या रस्ते विकास योजनेच्या यादीत क्रमांक नसेल, तर 3054 किंवा 5054 या लेखाशीर्षाखाली (रस्त्यांच्या खर्चाची सरकारी खाती) त्याचं अंदाजपत्रक सहसा पुढे सरकत नाही. रस्ता खराब आहे हे सगळ्यांना मान्य असतं. कागदावर मात्र तो नसतोच.

आधी मालक कोण ते पाहा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेकडे. म्हणून मागण्याही तीन वेगळ्या होतात: योजनाबाह्य रस्त्याचा योजनेत समावेश, आहे त्या रस्त्याची दर्जोन्नती (म्हणजे वरच्या वर्गात नेणं, जसं इजिमाचा प्रजिमा करणं) आणि प्रत्यक्ष काम. 'रस्ता मंजूर करून मिळावा' असा मोघम अर्ज यातल्या कुठल्याच टेबलावर बसत नाही आणि महिनाभर फिरून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' परत येतो. मागणी नेमकी लिहा. आमदारांचं शिफारसपत्र जरूर जोडा, पण फाइलमधल्या एकाही कागदाची जागा ते घेऊ शकत नाही.

फाइलचा मार्ग साधा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, जिल्हा परिषद बांधकामचा उपविभाग, तिथून जिल्हा परिषदेचा ठराव. दर्जोन्नती असेल तर पुढे सार्वजनिक बांधकामचे कार्यकारी, अधीक्षक आणि मुख्य अभियंता, मग मंत्रालय आणि शेवटी शासन निर्णय.

खरा अडथळा: जागा

बहुतेक फाइली इथेच अडतात, कारण रस्त्याखालच्या जागेचा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून झालेले आणि त्यानंतर रोजगार हमीतून झालेले कितीतरी रस्ते भूसंपादनाशिवायच झाले. रस्ता पन्नास वर्षं वापरात असला तरी सातबारावर शेतकऱ्याचंच नाव असतं आणि जुन्या गाव नकाशात रस्त्याची रेषाही नसते. अशा वेळी 'जागा ताब्यात आहे' असा सरपंचांच्या सहीचा दाखला जोडला जातो. तपासणारा लिपिक सातबारा उघडतो आणि फाइल परत येते. त्याचा राग येतो, पण या मुद्द्यावर तो बरोबर असतो.

पहिलं काम म्हणजे गाव नकाशा काढून पाहणं. दोन तुटक समांतर रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकच तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, तो सव्वाआठ फुटांचा. डांबरी पृष्ठभागच 3.75 मीटर, म्हणजे सव्वाबारा फूट लागतो आणि बाजूपट्ट्या वेगळ्या. पायमार्गाच्या नोंदीवर तो बसत नाही. नोंद गाडीमार्गाची असली तरी रुंदी जेमतेमच असते. जास्तीची जागा कुठून येणार, हे प्रस्तावातच लिहावं लागतं.

नकाशात रस्ता नसेल तर भूमि अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. ठराव दोन दिवसांत होतो, मोजणी होत नाही. म्हणून मोजणीचा अर्ज आधी द्या. मोजणीतून कोणत्या गटातली किती जागा जाते ते कळलं की त्या गटातल्या प्रत्येक सहहिस्सेदाराची संमती लागते. थोरल्या भावाने सही केली, धाकटा पुण्यात आहे आणि बहिणींना कुणी विचारलंच नाही, अशी संमती पहिल्याच हरकतीला कोसळते. शिवाय साध्या संमतीपत्राने सातबारा बदलत नाही. उद्या जमीन विकली गेली तर नवा मालक रस्त्यात चर खणतो आणि पंचायत काही करू शकत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि त्यावरून फेरफार, हाच पक्का मार्ग. गावकीत हा विषय काढणं अवघड असतं. पण रस्ता होण्याआधी लोक जितक्या सहज जमीन देतात तितक्या सहज नंतर देत नाहीत, हेही खरं.

वाटेत वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 3(2) उपयोगी पडतं. एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील, तर रस्त्यासाठी परवानगी जिल्ह्याच्या पातळीवर मिळू शकते. सहा मीटर रुंदी धरली तर ही मर्यादा साधारण 1,650 मीटरला संपते. त्याहून लांब पट्टा असेल तर वन संवर्धन कायद्याखालचा मोठा प्रस्ताव करावा लागतो. आणखी एक गफलत नेहमी होते. नेहमीच्या ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यात जे कमी तेवढी गणपूर्ती पुरते. वनजमिनीच्या या परवानगीसाठी ग्रामसभेची शिफारस लागते आणि तिच्यासाठी मात्र ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात. 26 जानेवारीच्या सभेत घाईने घेतलेला ठराव नेमका याच कारणाने बाद होतो.

लांबी, ठराव आणि दुबार काम

ठरावात 'गावठाण ते मळा रस्ता' एवढंच लिहून भागत नाही. सुरुवात कोणत्या क्रमांकाच्या रस्त्यापासून, शेवट कुठे आणि साखळी (सुरुवातीपासूनचं अंतर) किमी 0/000 ते 2/400 अशी, हे सगळं हवं. ठराव, नकाशा आणि नमुना 23 (पंचायतीची रस्त्यांची नोंदवही) या तिन्हींत लांबी एकच असावी. नोंदवहीत दोन किलोमीटर आणि ठरावात अडीच, एवढ्यावरूनही त्रुटीपत्र निघतं. आधी नमुना 23 दुरुस्त करा, मग ठराव घ्या.

रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेला असेल तर पाच वर्षं त्याची देखभाल कंत्राटदाराकडे असते. त्या काळात त्याच लांबीवर दुसऱ्या शीर्षातून काम सुचवलं की दुबार कामाचा शेरा बसतो. काम पूर्ण झाल्याची तारीख फलकावरून नव्हे, कार्यालयीन नोंदीतून घ्या.

दर्जोन्नतीत सर्वात जास्त विसरला जातो तो जिल्हा परिषदेचा ठराव. रस्ता त्यांच्या यादीतून वजा होणार असतो, त्यामुळे त्यांच्या संमतीशिवाय मंत्रालय हातही लावत नाही. सभागृह अस्तित्वात नसेल तर प्रशासकांचा ठराव लागतो. समर्थनात 'रहदारी खूप आहे' असं न लिहिता सात दिवस चोवीस तासांची वाहन गणना जोडा. कोणती गावं, कोणती बाजारपेठ, कोणते दोन मोठे रस्ते जोडले जातात तेही लिहा. प्रजिमाचे दोन तुकडे जोडणारा रस्ता नुसत्या वर्दळीच्या रस्त्यापेक्षा लवकर पटतो.

मार्च अखेर म्हणजे काय

31 मार्च ही अर्जाची मुदत नाही. ती चालू वर्षाचा निधी मार्गी लावण्याची तारीख आहे. पुढच्या वर्षाचा जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हिवाळ्यातच आकार घेतो. फेब्रुवारीत आणलेला प्रस्ताव त्यामुळे एक अख्खं वर्ष मागे पडतो. कामाची मागणी असेल तर कागद दिवाळीपर्यंत उपविभागात पोचलेले असावेत. समावेशाला आणि दर्जोन्नतीला अशी ठरलेली तारीख नसते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की मात्र सगळंच थांबतं.

शासन निर्णय आला म्हणजे डांबर आलं असं नाही. दर्जोन्नतीने मालक बदलतो, निधी येत नाही. जिल्हा परिषद खर्च थांबवते, सार्वजनिक बांधकामच्या अर्थसंकल्पात रस्ता अजून आलेला नसतो आणि मधला पावसाळा खड्ड्यांत जातो. हे टाळायचं तर निर्णय हाती येताच दोन्ही अभियंत्यांची संयुक्त पाहणी आणि हस्तांतरणाचा कागद मागून घ्या. दोन्ही कार्यालयांत त्याची पोच ठेवा. गावाची नळयोजना त्या रस्त्यातून जाणार असेल तर पाइप हस्तांतरणाआधीच टाकून घ्या, कारण नंतर खोदाईची परवानगी सार्वजनिक बांधकामकडून घ्यावी लागते आणि पुनर्भरणाचा खर्च पंचायतीला भरावा लागतो.