आधी ट्यूब आली, समज नंतर

नागपुरात 'मेडिकलमध्ये दाखवलं' याचे दोन अर्थ निघतात. एक, मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालय. दुसरा, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. खाजेच्या बाबतीत बहुतेकदा दुसराच खरा असतो. बाही वर करून कोपराची लवण दाखवली की काउंटरवर एक ट्यूब येते. चार दिवसांत खाज बसते, महिन्याभरात परत उठते. हे रहाटगाडगं कसं सुरू झालं, याचा इतिहास आजाराइतकाच चिवट आहे.

आजार जुनाच. चरकसंहितेत क्षुद्रकुष्ठांमध्ये 'विचर्चिका' येते: खाज, काळपट पुटकुळ्या, भरपूर लस. आपण इसब म्हणतो. सहाव्या शतकातल्या एटियस या ग्रीक वैद्याच्या लिखाणात 'एक्झिमा' हा शब्द सापडतो, त्याचा अर्थ उकळून उतू जाणं. ओलं इसब ज्यानं पाहिलंय, त्याला आणखी सांगायला नको. 'कुष्ठ' म्हणजे तेव्हा सगळेच त्वचारोग. पुढे तो शब्द महारोगापुरता उरला. इसबवाल्याचा टॉवेल आजही वेगळा टांगला जातो, त्यात त्या जुन्या शब्दाची सावली असावी असं मला वाटतं. इसब स्पर्शानं पसरत नाही. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज, आणि तिचं औषध वेगळं.

ही सगळी नावं डोळ्यांना दिसलं त्यावरून पडलेली. 1933 साली न्यूयॉर्कच्या वाइज आणि सल्झबर्गर या त्वचारोगतज्ज्ञांनी इसबाच्या एका प्रकाराला 'अ‍ॅटोपिक डर्मटायटिस' हे नाव दिलं, तेव्हा दमा, शिंका आणि ही खाज एकाच घराण्यात का फिरतात, हा प्रश्न तरी नावात आला. याच सल्झबर्गरनी 1952 मध्ये विटन या सहकाऱ्याबरोबर हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं मलम त्वचेवर गुण देतं हे दाखवलं. मग बीटामेथासोन आलं, क्लोबेटासोल आलं; प्रत्येक आधीच्यापेक्षा जोरकस. शतकानुशतकं लेप लावून बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच शांत झोप मिळाली. म्हणून स्टेरॉइडला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस लावलं तर ते आजही कामाचंच आहे.

घोळ आपल्याकडे झाला तो वेगळाच. जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये भरली गेली. इसब की गजकर्ण, हे ओळखायची गरजच उरली नाही. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र खालून पसरत राहते. कडा पुसट झालेलं ते गजकर्ण मग डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं मलमांतली 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर.

आत काय बिघडतं, हे कळायला 2006 उजाडलं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाशी जोडून दाखवले. प्रत्येक रुग्णात हा दोष नसतो, पण चित्र पालटलं: अशी त्वचा माठासारखी पाझरते. आतलं पाणी बाहेर जातं आणि साबण, धूळ, परागकण आत शिरतात. मग खाज, खाजवणं, आणखी पाझर. म्हणजे आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलेलं मॉइश्चरायझर किंवा साधं व्हॅसलीन हे नटणं नव्हे, औषध आहे. खाज नसतानाही लावायचं. स्टेरॉइडचं मापही ठरलेलं आहे: बोटाच्या पेरावर मावेल एवढी रेघ मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. 2017 पासून परदेशात, आणि पुढे आपल्याकडेही, ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आली. किंमत पाहता ती थोड्यांसाठीच.

नागपूरची हवा यात आपला हात धुऊन घेते. डिसेंबर-जानेवारीत कोरड्या थंडीत कढत पाण्याची बादली इसबाला चेतवते. पावसाळ्यात घामानं जांघेत गजकर्ण फुलतं. मेमध्ये पारा 45 च्या पुढे गेला की एसीपेक्षा आपला जुना कूलर बरा, तो हवेत ओल तरी सोडतो.

आणि एक खाज निव्वळ आपली. 1955 च्या सुमारास पुण्यात गाजरगवत नोंदवलं गेलं आणि पाहता पाहता रिकाम्या प्लॉटांपर्यंत, रेल्वेरुळांपर्यंत पोचलं. 1984 मध्ये मेक्सिकोहून आणलेले भुंगे त्यावर सोडले, तरी ते हटलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या, शेतात किंवा उघड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान आणि कोपराच्या लवणी वर्षानुवर्षं खाजत असतील तर कित्येकदा त्याचीच अ‍ॅलर्जी निघते. खात्री करायची तर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर 48 तास चिकटवून पॅच टेस्ट करतात. त्या पाठीवर आधीच कोपऱ्यावरच्या मेडिकलची ट्यूब चोळलेली असेल, तर टेस्टही कोरी येऊ शकते.