कॅश ऑन डिलिव्हरी घेतली की नंबर सुरक्षित?

सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘ऑनलाइन खरेदीत रोखच पैसे द्या, म्हणजे तुमची माहिती कुठेच जात नाही.’

हे अर्धंच खरं. रोखीत कार्डाचा तपशील द्यावा लागत नाही. पण नाव, पत्ता, मोबाइल नंबर ऑर्डर देतानाच भरतो, पैसे कसेही द्या. तिथून ही माहिती विक्रेता, गोदाम, कुरिअर अशी पुढे जाते. उलट रोखीची वस्तू परत केली, तर रिफंडसाठी बहुधा खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी द्यावाच लागतो!

खात्री घरबसल्या होते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या गेटवर पार्सलांचा ढीग असतो; त्यातल्या आपल्या खोक्यावरचं लेबल वाचा. नाव आणि फ्लॅट नंबर असतोच, पुष्कळदा मोबाइलही. काही कंपन्या नंबर झाकतात, सगळ्या नाही. खोकं टाकण्याआधी लेबल फाडावं.

माहिती कुठून फुटते ते पाहायचंय? खरेदी करताना जीमेल पत्त्यात ‘ॲट’च्या (@) आधी अधिकचं चिन्ह (+) आणि दुकानाचं नाव जोडा; मेल तुमच्याकडेच येते. काही साइट्स हे चिन्ह घेत नाहीत, ते सोडा. त्या पत्त्यावर भलत्याच कुणाची जाहिरात आली, की माग लागला. मोबाइल नंबराला अशी सोय नाही; तिथे निदान ऑफर्सच्या चौकटीतली आधीच केलेली टिक काढावी.