जवस, जिवाणू आणि इस्ट्रोजेन

सोलापूरकडच्या जेवणात कडक भाकरीबरोबर शेंगांची चटणी असते, तशी अनेक घरांत जवसाचीही असते. जवसात लिग्नान नावाची संयुगे रोजच्या इतर खाद्यपदार्थांपेक्षा कितीतरी अधिक असतात आणि पोटात गेल्यावर त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थ काही अंशी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे वागू शकतात. हे प्रथम लक्षात आले ते मात्र माणसाच्या लघवीतील स्टिरॉइडे (इस्ट्रोजेन ज्या गटात मोडते ती संयुगे) मोजताना.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस केनेथ सेचेल हे स्टिरॉइड जैवरसायनशास्त्रज्ञ फिनलंडच्या हर्मन आडलरक्रॉइट्स यांच्यासह स्त्रियांच्या लघवीचे पृथक्करण करत होते. मिश्रणातील संयुगे वेगळी करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी आणि रेणूंचे वस्तुमान मोजून ती ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या साहाय्याने घेतलेल्या आलेखांत त्यांना दोन अनोळखी संयुगे दिसली. मासिक पाळीच्या चक्राबरोबर त्यांचे प्रमाण कमीजास्त होत असल्यामुळे ती शरीरानेच बनवलेली नवी संप्रेरके असावीत, अशी शंका येणे स्वाभाविक होते. १९८० साली त्यांची रचना उलगडली आणि ती स्टिरॉइडे नसून लिग्नान असल्याचे सिद्ध झाले. त्यांना एंटेरोलॅक्टोन आणि एंटेरोडायॉल अशी नावे मिळाली. पुढे १९८२ मध्ये त्यांचे मूळ द्रव्य जवसात सापडले. त्या द्रव्याचे रूपांतर करणारे कारागीर आपल्या मोठ्या आतड्यातील जिवाणू आहेत. म्हणूनच प्रतिजैविकांचा डोस झाल्यावर रक्तातील एंटेरोलॅक्टोन बराच काळ घटलेले राहते. जवस अख्खे गिळले तर ते बरेचसे तसेच बाहेर पडते, कुटून किंवा दळून खाल्ले तर अधिक उपयोगी पडते. या बाबतीत आपल्याकडची कुटलेली चटणी अगदी योग्य ठरते.

वनस्पतीतील संयुगाला संप्रेरकाचे काम कसे जमते, याचे उत्तर रेणूंच्या आकारात आहे. इस्ट्राडायॉल या मुख्य इस्ट्रोजेनमध्ये अणूंची चार कडी जोडलेली असतात आणि त्यांच्या दोन टोकांना एकेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन अणूंची जोडी) असतो. सोयाबीनमधील जेनिस्टीनसारख्या आयसोफ्लेवोन नावाच्या वनस्पतिज संयुगांत कड्यांची मांडणी वेगळी असली, तरी टोकांच्या दोन हायड्रॉक्सिल गटांमधले अंतर जवळपास तेवढेच असते. त्यामुळे पेशीतील इस्ट्रोजेन-ग्राही प्रथिन, म्हणजे इस्ट्रोजेनला धरून त्याचे काम घडवून आणणारे प्रथिन, त्यांनाही धरून ठेवते. १९९६ साली स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाने या ग्राहीचा बीटा हा दुसरा प्रकार शोधला. जेनिस्टीन आधीपासून माहीत असलेल्या अल्फा प्रकारापेक्षा या बीटाला बरेच घट्ट चिकटते. या संयुगांचा परिणाम प्रत्येक अवयवात सारखा का नसतो, हे त्यामुळे कळू लागले.

इक्वॉल या अशाच इस्ट्रोजेनसारख्या संयुगाची हकिकत मला सर्वांत विलक्षण वाटते. हे संयुग १९३२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळे केले गेले. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका प्रकारच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. त्या गवतातील आयसोफ्लेवोनांचे मेंढीच्या पोटात इक्वॉल होत असल्याचे नंतर स्पष्ट झाले. सेचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तेच संयुग माणसाच्या लघवीतही ओळखले, पण ते सर्वांच्या आतड्यात तयार होत नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के प्रौढांनाच ते बनवता येते, तर जपानसारख्या देशांत निम्म्याहून अधिक लोकांना. याचा अर्थ, बार्शीच्या एकाच शेतातले सोयाबीन दोन शेजाऱ्यांनी खाल्ले, तरी दोघांच्या रक्तात वेगवेगळी संयुगे फिरू शकतात. ‘सोयाबीन बायकांना चांगले’ किंवा ‘पुरुषांना वाईट’ अशी सरसकट विधाने म्हणूनच टिकत नाहीत.

मात्रेचा प्रश्नही गंभीर आहे. केवळ सोया-दुधाच्या पावडरीवर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्तातील आयसोफ्लेवोनांचे प्रमाण त्यांच्या स्वतःच्या इस्ट्राडायॉलच्या १३,००० ते २२,००० पट असल्याचे सेचेल यांच्या गटाने १९९७ मध्ये मोजले. ही संयुगे इस्ट्राडायॉलपेक्षा फार दुर्बळ असतात हे खरे, तरी असा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. चमचाभर चटणीची गोष्ट निराळी. परंतु स्तनाच्या कर्करोगावर संप्रेरकरोधक औषधे घेणाऱ्या स्त्रियांनी आयसोफ्लेवोनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुभत्या जनावरांपुढे आपण टाकतो त्या लसूणघासातही कुमेस्ट्रॉल नावाचे असेच एक संयुग असते. बुरशीमुळे पानांवर ठिपके पडले किंवा माव्याचा प्रादुर्भाव झाला की त्याचे प्रमाण वाढते. म्हणून गाभण राहण्यात वारंवार अडचण येणाऱ्या गाईम्हशींच्या चाऱ्यात रोगट घास किती जातो, हे पशुवैद्याला आवर्जून सांगावे.